एका केबलवर फोन आणि नेट: लिंक सारखी तुटत होती

कॅट-5ई केबलमधल्या (नेटवर्कची केबल, आत तारांच्या चार जोड्या) निळी जोडी फोनला दिली आणि नेटच्या स्विचवर पोर्टचा दिवा लागून विझू लागला. पॅच कॉर्ड बदलली, टोकं पुन्हा पंच केली (तारा जॅकमध्ये दाबून बसवल्या). तीन संध्याकाळी फुकट!

गिगाबिटला (1000 Mbps वेग) चारही जोड्या लागतात, पण दोन्ही टोकांची उपकरणं वेग ठरवतात नारिंगी-हिरवी जोड्यांवरच. म्हणून दोन्हीकडून 1000 ला होकार आणि मग निळी नसल्याने अडकणं.

आधी फोनची लाइन सोडवली (रिंग येताना झटका बसतो). दोन्ही टोकांना नेटच्या जॅकमध्ये नारिंगी पिन 1-2 वर, हिरवी 3-6 वर. निळी फक्त फोनच्या जॅकच्या मधल्या दोन पिनांवर, तपकिरी मोकळी. मग स्विचच्या पोर्टवर ऑटो (वेग आपोआप ठरवणं) तसंच ठेवून फक्त 1000 ची खूण काढली, म्हणजे दोन जोड्यांवर चालणारा 100 ठरतो. सक्तीने '100 फुल' (दोन्ही दिशांना एकाच वेळी) लावलंत तर समोरचं ऑटो हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जातं.

दिवा आता विझत नाही, फोन वाजला तरी.