जागतिक बँक, नाणेनिधी, व्यापार संघटना : निवेदन पाठवण्याआधी या चुका टाळा

जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक व्यापार संघटना या तिघींना एकच निवेदन, फक्त वरचा पत्ता बदलून. अशी पत्रं माझ्यासमोर सतत येतात. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते, प्रश्नही खरा असतो. उत्तर मात्र येत नाही, आणि मग ‘या संस्था कुणाचं ऐकतच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. नीट विचारलं तरीही त्या पुष्कळदा ऐकत नाहीत, हे मला मान्य आहे. पण चुकीच्या दारात उभं राहून काढलेला निष्कर्ष मी मानत नाही.

जागतिक बँक प्रकल्पांना कर्ज देते, म्हणून तिथे प्रकल्पबाधितांना तक्रारीची सोय आहे. नाणेनिधी धरण किंवा रस्ता बांधायला पैसे देत नाही. तो सरकारला अटींवर कर्ज देतो, आणि आपल्या करारातल्या ‘कलम चार’खाली सदस्य देशांच्या अर्थव्यवस्थेचा आढावा घेतो, बहुतेकदा दरवर्षी. त्या वेळी येणारं पथक कामगार संघटनांना आणि अभ्यासगटांना भेटू शकतं. अनुदानकपातीबद्दल बोलायचं ते तेव्हा, अहवाल छापून आल्यावर नव्हे. व्यापार संघटनेत तर वाटाघाटीच्या खोलीत फक्त सरकारं बसतात. स्वयंसेवी संस्थांना कामकाजात थेट सहभागी करून घेणं शक्य नाही, असं तिच्या १९९६च्या मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटलंय. म्हणून तिथला मुद्दा आधी आपल्याच वाणिज्य मंत्रालयात मांडायचा. जिनिव्हाला, संघटनेच्या मुख्यालयाला, पाठवलेल्या पत्रापेक्षा तो खूप लांब जातो.

आता ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो ती. पैसा नेमका कुणी दिला हे न पाहता तक्रार करणं.

एका वीजप्रकल्पाच्या बाधितांची फाइल मी पाहिली आहे. शेतांवर राख पडत होती, विहिरींचं पाणी बिघडलं होतं. कार्यकर्त्यांनी अफाट मेहनत घेतली होती : पाण्याचे तपासणी अहवाल, तारखेसह फोटो, घरटी सह्या. ‘जागतिक बँकेचा पैसा आहे’ असं कुणीतरी सांगितलं, म्हणून सगळं बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे वर सांगितलेल्या तक्रारीच्या सोयीकडे, गेलं. प्रत्यक्षात कर्ज होतं आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचं. हे महामंडळ जागतिक बँक समूहातलंच, पण खासगी कंपन्यांना पैसा देणारं. पॅनेल त्याच्या कर्जांकडे पाहत नाही. त्यासाठी १९९९पासून वेगळं लोकपाल कार्यालय आहे, सीएओ नावाचं. ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ एवढं पॅनेलने कळवलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला की आपल्याला खोटं ठरवलं. गटात आरोप-प्रत्यारोप सुरू झाले, काम थांबलं. फाइल माझ्याकडे आली तोवर कंपनीने कर्ज फेडून टाकलं होतं आणि दुसरं दारही बंद झालं होतं. विहिरी तशाच राहिल्या. प्रकल्पाचं पान उघडून कर्ज देणाऱ्याचं नाव वाचायला दहा मिनिटं लागली असती.

माझी सवय अशी : मसुद्याचा पहिला शब्द लिहिण्याआधी एका कागदावर तीन ओळी. पैसा कुणाचा, निर्णय कोण घेणार, कर्ज कधी बंद होणार. जागतिक बँकेच्या प्रकल्पाला ‘पी’ आणि पुढे सहा आकडे असा क्रमांक असतो. तो मिळेपर्यंत मी कुणालाही सह्या गोळा करू देत नाही. नवख्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना मोर्चाची तारीख हवी असते. मी तरीही थांबवते.

दुसरी चूक तक्रारीच्या मजकुरात असते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पाला बँकेचं कर्ज होतं. त्याबद्दल बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२मध्ये आला. पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि त्याच वर्षी, १९९३मध्ये, बँकेने हे पॅनेल स्थापन केलं. त्यामागे खोऱ्यातल्या माणसांचा लढा आहे, म्हणून ते वाया गेलेलं मला बघवत नाही. पॅनेल एकच गोष्ट तपासतं : बँकेने स्वतःची धोरणं पाळली का, आणि न पाळल्यामुळे लोकांचं नुकसान झालं का, किंवा होणार आहे का. कंत्राटदाराची लबाडी, मंत्र्यांचं भाषण, जागतिकीकरणावरची चार पानं, यांचा तिथे उपयोग नाही. २०१८च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या बँकेच्या पर्यावरणीय-सामाजिक चौकटीत दहा मानकं आहेत. त्यातलं दहावं लोकांशी सल्लामसलत आणि माहिती उघड करण्याबद्दल आहे. नेमकं कोणतं मानक मोडलं आणि त्याने कुणाचं काय गेलं, हे साध्या वाक्यांत लिहा. तक्रारीला दोन बाधित माणसं पुरतात, ठरावीक नमुना नाही, मराठीतही लिहिता येतं. मात्र आधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे प्रश्न मांडल्याचा पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक पत्राची तारीख, कुणाला आणि उत्तर काय, याची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवते. इंटरनेटवरून उचललेल्या तयार नमुन्यांत नेमकं हेच नसतं. मुदतही लक्षात ठेवा : कर्ज बंद झाल्यावर जास्तीत जास्त १५ महिने, जुन्या कर्जांना त्याहून कमी.

पॅनेल नुकसानभरपाई देत नाही. हे लोकांना आधीच सांगा.

सल्लामसलतीच्या शेवटच्या दिवशी हरकत पाठवू नका, तोवर मसुदा ठरलेला असतो.

कागदपत्रं मिळत नाहीत म्हणून नुसतं हळहळू नका. बँकेचं माहितीधोरण २०१०पासून लागू आहे, रीतसर अर्ज करा.

बँक आणि नाणेनिधीच्या वार्षिक सभेच्या एका प्रवासावर सगळा निधी लावू नका. २००६मध्ये अशा सभेवेळी सिंगापूरने आणि २०१७मध्ये ब्युनोस आयर्सच्या व्यापारपरिषदेवेळी अर्जेंटिनाने, मान्यता मिळालेल्या काही कार्यकर्त्यांनाही अडवलं होतं. त्याऐवजी बँकेच्या किंवा नाणेनिधीच्या मंडळावरच्या आपल्या देशाच्या कार्यकारी संचालकांच्या कार्यालयाला लिहा. मतदान तेच करतात.

आणि बाधितांना न विचारता त्यांची नावं कागदावर घालू नका. ही चूक मी माफ करू शकत नाही. तुम्ही शहरात परत जाता, त्यांना त्याच गावात त्याच ठेकेदारासमोर राहायचं असतं. धमक्या येतात, रोजगार जातो. पॅनेल आणि सीएओ दोन्हीकडे नावं गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. प्रत्येक सहीकर्त्याला हे त्याच्या भाषेत समजावून सांगा. पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी प्रत्येकाला पुन्हा विचारते, आणि कुणी नको म्हटलं तर ते नाव काढते.