मोठ्या प्रिंटसाठी फोटो देताय? या चुका टाळा

मोबाइलवर झकास दिसणारा दूधसागरचा फोटो भिंतीसाठी ३० इंचांचा करून घेतला, की पाण्याच्या धारा पुसट होतात आणि झाडीचा नुसता हिरवा लगदा उरतो. लॅबला बोल लावण्याआधी फाईल तपासा.

सर्वाधिक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बिघडतात. नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलांवर येतो. ३० इंचांत ते पसरले की इंचाला जेमतेम ५३ पिक्सेल. मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.

हिशेब सोपा आहे: लांब बाजूचे पिक्सेल भागिले प्रिंटचे इंच. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाईल ६००० × ४००० असते, म्हणजे ३० × २० इंचांवर इंचाला २०० पिक्सेल. भिंतीवरच्या फोटोला एवढे पुरतात, चार-पाच फुटांवरून पाहायचा असेल तर १५०सुद्धा चालतात. हातात धरून पाहायच्या प्रिंटला मात्र ३०० हवेत. फोटोशॉपमध्ये रिसॅम्पल (पिक्सेलांची संख्या बदलणारा पर्याय) बंद ठेवून रिझोल्यूशनचा, म्हणजे इंचाला किती पिक्सेल याचा, ७२चा आकडा ३०० केल्याने काहीही सुधारत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात.

फ्रेमचा आकार आधी ठरवा. कॅमेऱ्याचा फोटो सहसा ३:२ (लांब बाजू : आखूड बाजू), मोबाइलचा बहुधा ४:३, आणि १६ × २०ची फ्रेम ५:४. ३:२चा आडवा फोटो त्यात भरला, तर रुंदीतले चार इंच कापले जातात. मंगेशीचा दीपस्तंभ फोटोच्या कडेला असेल तर नेमका तोच जातो. क्रॉप स्वतः करा, लॅबवर सोडू नका.

प्रिंट काळपट येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पूर्ण उजेडावर ठेवलेला मॉनिटर. पावसाळी संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत एडिट केलेले फोटो हमखास असे येतात. खोलीत नेहमीचा उजेड ठेवा, स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याइतकाच दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं उपकरण) असेल तर १०० ते १२० निट्स (उजेडाचं एकक) ठेवा.

रंगांचं दुखणं वेगळं. श्रावणातली भातशेती, शिगम्यातला गुलाल असे रंग आधीच गडद असतात. त्यात सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवलं की कागदाला ते पेलत नाहीत आणि पानं, चेहरे सपाट डाग होतात. लॅबकडून त्या कागदाची आयसीसी प्रोफाइल (कागदावर रंग कसे उतरतील ते सांगणारी फाईल) मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज, पाहा. फाईल अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीत असेल आणि लॅब एसआरजीबी ही दुसरी रंगपद्धत घेत असेल, तर 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. 'असाइन' केलंत तर रंग बदलतील. फोटो-पेपरसाठी फाईल सीएमवायके (छापखान्याच्या चार शाईंची रंगपद्धत) करण्याची गरज नसते.

शार्पनिंग (कडा ठळक करणं) सगळ्यात शेवटी, अंतिम मापावर. आधी केलं तर मोठं करताना कडांना पांढऱ्या रेघा येतात. नरकासुराच्या रात्रीच्या फोटोंत आधी नॉइज (कमी उजेडात येणारे दाणे) काढा. १०० टक्के झूमवर आकाश सरकवत पाहून सेन्सरवरच्या धुळीचे ठिपकेही पुसा; मोबाइलवर ते दिसतच नाहीत.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी अंतिम फाईलमधून, माप न बदलता, चेहरा किंवा सावली असलेला ८ × १० इंचांचा तुकडा कापून छापून घ्या. हा खर्च वाचवू नका.

कॅनव्हास चौकटीवर ताणायचा असेल तर चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त द्या: २० × ३०साठी २४ × ३४. काचेच्या फ्रेमला आतून माउंट (काच आणि प्रिंट यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ग्लॉसी प्रिंट काचेला चिकटते, आणि सोडवायला गेलं की वरचा थर निघून येतो.