पहिलं तंतुवाद्य घरी बनवायचंय? गिटार नको, युकुलेलेपासून सुरुवात करा

स्वतःच्या हाताने गिटार बनवायची इच्छा बऱ्याच जणांना असते, आणि बहुतेक जण थेट सहा तारांच्या मोठ्या गिटारलाच हात घालतात, मग तीन-चार महिन्यांनी ते अर्धवट खोकं माळ्यावर जाऊन बसतं. माझं सरळ सांगणं आहे, पहिलं वाद्य युकुलेले करा, म्हणजे गिटारचंच छोटं, चार तारांचं भावंड. कारण एकच, तारांची ओढ. स्टीलच्या तारा लावलेल्या गिटारवर सगळ्या तारा मिळून ७० किलोच्या वर ओढ असते, तीही रात्रंदिवस. युकुलेलेच्या चार नायलॉन तारांची ओढ १५ ते २० किलोच्या आसपास. त्यामुळे सांध्यात थोडं कमीजास्त झालं तरी वाद्य उघडून पडत नाही, दांडीत लोखंडी सळई घालावी लागत नाही, लाकूडही निम्म्याहून कमी लागतं. आणि शिकायचं जे असतं ते सगळं यातच येतं, तबली पातळ करणं, पडदे (फ्रेट) बसवणं, घोडी (तबलीवर तारा जिच्यावर टेकतात ती), पॉलिश, सगळं.

तबली हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी पातळ लाकडी चकती बसते तिला आपल्याकडे तबली म्हणतात, गिटारमध्ये तेच काम वरची फळी करते. मिरजेच्या कारागिरांनी हे काम दीडशेहून जास्त वर्षं चालवलंय, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कधी मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जाऊन तबली तासताना नक्की बघा, हात किती हलका ठेवतात ते बघून जे कळतं ते व्हिडिओतून कळत नाही.

लाकडाआधी हवा समजून घ्या

बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, आणि हे करताना ते रेषांच्या आडवं फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. २१० मिलिमीटर रुंदीची तबली जुलैतल्या ८५ टक्के आर्द्रतेतून ४५ टक्क्यांवर आली तर दोन-तीन मिलिमीटर आकसू शकते. पण तिच्या कडा तर चिकटवलेल्या असतात, मग ती आकसणार कुठे? फाटते.

माझ्या पहिल्या युकुलेलेचं हेच झालं. पुण्यात ऐन जुलैत तबली चिकटवली, गणपतीत वाजवलंसुद्धा, आणि एप्रिलमध्ये एका सकाळी बघितलं तर घोडीपासून खालपर्यंत उभी चीर. खूप वाईट वाटलं, कारण आवाज खरंच छान लागला होता. तेव्हापासून नियम केलाय, तबली आणि पाठ चिकटवायची ती दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, हवेतली ओल ४५ ते ५० टक्के असताना. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते सगळ्यात आधी घ्या. मुंबई-कोकणातल्यांना थंडीतही इतकी कोरडी हवा मिळत नाही, त्यांनी लाकूड एका बंद कपाटात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून चार-पाच दिवस ठेवावं (बल्बपासून हातभर लांब, कपडे-कागद आत नकोत) आणि कपाटातून काढल्या काढल्या चिकटवावं. कोरड्यात चिकटवलेली तबली पावसाळ्यात थोडी फुगते पण फुटत नाही, ओल्यात चिकटवलेली मात्र उन्हाळ्यात दगा देते.

लाकूड कुठून आणायचं

तबलीला हलकं आणि ताठ लाकूड हवं. जगभर स्प्रूस वापरतात, ते ऑनलाइन मिळतं पण महाग पडतं. पहिल्या वाद्याला चांगल्या प्रतीचा पाइन किंवा तुण पुरेसं आहे, तंबोरे पिढ्यान्पिढ्या तुणीचेच बनत आलेत. वखारीत गेलात की फळीचं टोक बघायचं, वर्तुळाच्या रेषा फळीला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत, आडव्या असतील तर ती फळी सोडून द्या. गाठ नको, आणि निदान दोन-तीन वर्षं वाळलेलं हवं, म्हणून जुन्या बाजारातलं मोडकं फर्निचर मला नव्या लाकडापेक्षा जास्त आवडतं. बाजू, पाठ आणि दांडीला महोगनी उत्तम. सागवान चालतं पण त्यात तेल असतं, चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्यायचं नाहीतर सांधा धरत नाही. पडद्यांची पट्टी मात्र शिसवीचीच करा, तुकडा लहानच लागतो. ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या भारतीय शिसवाकडे वळायचं ठरवलं, इतकं ते चांगलं लाकूड आहे. फक्त शिसवीच्या भुशाने अनेकांना खाज सुटते, शिंका येतात, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.

हत्यारं सुताराचीच: बारीक दातांची करवत, छोटा रंधा, पटाशी, कानस, गुण्या, स्टीलची पट्टी, आणि मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारं कॅलिपर. क्लॅम्पवर पैसे घालवू नका. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ठेवा, ट्यूब ताणून गुंडाळली की जो दाब येतो तो भल्याभल्या क्लॅम्पला येत नाही.

खोकं

बाजू वाकवायला गरम पाइप लागतो, ते दुसऱ्या वाद्याला करू. पहिल्याला सरळ बाजूंचं, वर निमुळतं खोकं करायचं: लांबी २८० मिलिमीटर, खालची रुंदी २१०, वरची १५०, खोली ६५. बाजूच्या पट्ट्या ३ मिलिमीटर जाड चालतील. एका प्लायवूडवर हा आकार आखून घ्या आणि त्याच रेषेवर पट्ट्या उभ्या करून चिकटवा, वरच्या टोकाला आतून ४० मिलिमीटर जाडीचा ठोकळा (यालाच दांडी बसणार), खालच्या टोकाला १५ चा. कोपऱ्यांत छोटे तिकोनी तुकडे. मग आतल्या कडेने वर आणि खाली ६ बाय ६ मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, तबली आणि पाठ चिकटायला जागा तिच्यामुळेच मिळते.

आता तबली. इथे वेळ द्या, इथेच सगळा आवाज आहे. अंतोनियो दे तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार बनवली होती जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या, तबली तेवढी लाकडाची. आवाज तबलीतून येतो हेच त्याला दाखवायचं होतं.

वखारीतून फळी मधोमध चिरून ४ मिलिमीटरचे दोन पातळ तुकडे करून आणायचे आणि पुस्तक उघडल्यासारखे शेजारी ठेवायचे, म्हणजे रेषा दोन्हीकडे सारख्या येतात. मधल्या दोन्ही कडा एकत्र धरून रंधायच्या. जोडून उजेडाला धरल्या की मधून एक तिरीपही दिसता कामा नये, दिसली तर परत रंधा, सरसाने फट भरली जाईल असं समजू नका. जोड सुकला की दोन्ही बाजूंनी रंधून आणि मग पॉलिश पेपरने घासून जाडी २ मिलिमीटरवर आणायची. अडीचच्या खाली आल्यावर दर थोड्या वेळाने फळी वरच्या कोपऱ्याजवळ दोन बोटांत हलकी धरून मध्यावर टिचकी मारत राहा, सुरुवातीला ठक्क आवाज येतो, पातळ होत गेली की आवाज खाली उतरतो आणि घुमायला लागतो, थोडा वेळ टिकतो. तो बदल कानाला एकदा कळला की पुढच्या प्रत्येक वाद्याला उपयोगी पडतो. पावणेदोनच्या खाली मात्र जाऊ नका.

आवाजाचं भोक ५८ मिलिमीटर व्यासाचं, त्याचं केंद्र वरच्या कडेपासून ९५ वर. आतून दोन आडव्या पट्ट्या, एक भोकाच्या वर, एक खाली, ६ रुंद आणि ८ उंच, टोकाकडे तासून २ पर्यंत उतरवलेल्या. या पट्ट्यांच्या चिकटणाऱ्या कडेला मधोमध दीड मिलिमीटर गोलाई द्या, म्हणजे तबलीलाही किंचित फुगवटा येतो, उन्हाळ्यात आकसताना तिला उतरायला जागा राहते आणि चीर पडायची शक्यता खूप कमी होते. घोडीच्या खाली आतून २ मिलिमीटर जाड, १०० बाय ३० चा तुकडा, रेषा तबलीच्या आडव्या. पट्ट्या दाबून धरायला बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणा, टेबल आणि वरचं शेल्फ यांच्यामध्ये कामटी वाकवून अडकवली की ती स्प्रिंगसारखी दाबत राहते.

चिकटवायला मी सरसच वापरतो, जुना, गरम करून लावायचा. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साधारण ६० अंशांवर ठेवायचा, उकळायचा नाही. भरभर काम करावं लागतं हे खरं, पण सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि उद्या दुरुस्ती करायची झाली तर उष्णता आणि ओलाव्याने सांधा सुटतो. साधा पांढरा सुतारी गोंद सोपा आहे, पण बंद गाडीच्या उन्हात तो मऊ पडतो आणि घोडी सरकू शकते.

तबली चिकटवा, पाठ अजून नको.

दांडी आणि पडदे

दांडीला ६० रुंद, २० जाड लाकूड. डोक्याचा भाग वरून ७ मिलिमीटर खाली उतरवून घ्यायचा म्हणजे तारा मेरूवरून (डोक्याजवळची खाचांची आडवी पट्टी, तारा तिच्यावर टेकतात) खाली दाबल्या जातात. मेरूपाशी रुंदी ३६, खोक्यापाशी ४४. पाठीमागचा गोल आकार कानसने, हातात घेऊन घेऊन. पाठ उघडी असतानाच दांडी ठोकळ्याला सरस आणि आतून दोन लांब स्क्रूंनी पक्की करा. दांडीचा वरचा सपाट भाग आणि तबली एका पातळीत यायला हवेत, आणि दांडीची मधली रेषा खोक्याच्या मधल्या रेषेवर, दोरा ताणून तीन वेळा बघा. मग पाठ, २ मिलिमीटर जाड, तिलाही दोन आडव्या पट्ट्या, आणि खोकं बंद.

पडद्यांचं गणित घाबरण्यासारखं नाही. मेरूपासून घोडीपर्यंतची लांबी आपण ३८० मिलिमीटर धरतोय. तिला १७.८१७ ने भागा, २१.३ आलं, तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागा, असं पुढे. दुसरा ४१.५ वर, तिसरा ६०.५, चौथा ७८.४, पाचवा ९५.३, सातवा १२६.४, आणि बारावा बरोबर अर्ध्यावर म्हणजे १९० वर यायलाच हवा, नाही आला तर कुठेतरी चुकलंय. खुणा करताना प्रत्येक अंतर मेरूपासूनच मोजायचं, एका पडद्यापासून पुढचा असं नाही, नाहीतर प्रत्येक वेळची केसभर चूक साठत जाते. ५ मिलिमीटर जाडीच्या शिसवी पट्टीत गुण्या धरून खाचा पाडा, खाचेची रुंदी साधारण ०.६, पडद्याच्या तारेचं खालचं पातं घट्ट बसेल इतकीच. खोली पात्यापेक्षा किंचित जास्त. पट्टी दांडीवर चिकटवा, पडदे लाकडी हातोडीने आधी दोन्ही टोकांना आणि मग मध्ये ठोका, टोकं कापून कानसने तिरकी घासा. बोट वरखाली फिरवलं तर काही टोचता कामा नये.

घोडी, पॉलिश, तारा

घोडी शिसवीची, ८ मिलिमीटर उंच, वर हाडाची किंवा कडक लाकडाची पट्टी ३ मिलिमीटर वर आलेली. ही पट्टी ३८० वर नाही, ३८२ वर बसवायची, कारण तार दाबली की ती ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, ते २ मिलिमीटर त्याची भरपाई करतात. तारा बांधायला घोडी, तबली आणि आतला तुकडा यांतून आरपार चार भोकं पाडा, अंतर १४-१४ मिलिमीटर, तारेला आतून गाठ. घोडी उपटली जायची भीतीच राहत नाही.

पॉलिशला लाखेची चपडी, १०० ग्रॅम अर्धा लिटर स्पिरिटमध्ये, रात्रभर. कापसाची पुरचुंडी सुती कापडात बांधून पातळ पातळ हात द्या, दिवसाला तीन-चार, असे आठवडाभर. पावसाळी हवेत हे करू नका, पॉलिश पांढरं पडतं. घोडीखालची जागा मात्र कोरी ठेवा, लाकडाला लाकूडच चिकटलं पाहिजे.

खुंट्या चावीच्या, चारचा संच तयार मिळतो. मेरूवर बाहेरच्या दोन तारा कडेपासून ४ मिलिमीटर आत, खाचा थोड्या थोड्या खोल करत न्या, एकदम नाही. बाराव्या पडद्यावर तार अडीच मिलिमीटर उंच असली की बोटाला बरी वाटते. स्वर हार्मोनियमवर लावायचे तर वरून खाली पांढरी ५, पांढरी १, पांढरी ३, पांढरी ६, आणि लक्षात ठेवा, पहिली तार दुसरीपेक्षा वरच्या सुराची असते. नायलॉन चार-पाच दिवस ताणत राहतं, रोज उतरलेलं दिसेल, तो तुमच्या कामाचा दोष नाही, परत परत लावत राहा.

पंधरा दिवसांनी घोडीमागे स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा. सुरुवातीच्या फुगवट्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त उचललेली दिसली तर हरकत नाही, त्याहून जास्त असेल तर तारा सैल करून आत आणखी एक पट्टी घालायची, आवाजाच्या भोकातून बोटं घालून. आणि पहिल्या उन्हाळ्यात वाद्य उघड्यावर भिंतीला टांगू नका, पेटीत ठेवा, सोबत ओल्या स्पंजची भोकं पाडलेली डबी, आणि आर्द्रतेचं तेच छोटं मीटर.