तिला आजच बाहेर काढायची घाई : नव्या कार्यकर्त्यांनो, या चुका टाळा

घरात मार खाणाऱ्या बायकांना सोबत करायच्या कामात नवी आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात एक चूक हमखास करते. ती बाईच्या मोबाईलवर फोन किंवा मेसेज करते.

ही चूक मीसुद्धा केली आहे, म्हणून हक्काने बोलते. इथे इंदुरात या कामात मला पंधरा वर्षं होतील, आणि ही गोष्ट सहाव्या की सातव्या वर्षातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रामबागेकडच्या एक वहिनी होत्या. आमची भेटायची जागा म्हणजे मुलाच्या शिकवणीबाहेरचा ओटा. मंगळवारी कोर्टात अर्ज द्यायचं ठरलं. सोमवारी रात्री मला वाटलं, एकदा आठवण करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "उद्या 11 ला. आधार आणि लग्नाचे फोटो आणा." त्यांनी वाचून लगेच पुसलं. मी निर्धास्त झोपले. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप नवऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही उघडं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि मुलाला त्याने बहिणीकडे देवासला नेऊन सोडलेलं. अर्ज द्यायला पुढे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत वहिनींनी माझ्यावर एकदाही राग काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पहिल्या भेटीत नाव-गाव नंतर, आधी विचारायचं, "फोन कुणाकुणाच्या हातात असतो?" मग दोघींनी मिळून बघायचं : व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठल्या यंत्राला जोडलंय, फोनमधलं गूगल खातं कुणी उघडून दिलं, लोकेशन कुणाला दिसतंय. आणि इथेच हुशार मुली दुसरी चूक करतात, सापडलं की लगेच बंद करून टाकतात. अगं, बंद झालेलं त्याला संध्याकाळी कळणारच आहे! असू दे तसंच. त्या फोनवर शिकवणी आणि भाजीपाला बोलायचा, कामाचं बोलणं शेजारणीच्या फोनवरून.

फोन तिने करायचा, आपण नाही. माझा नंबर बऱ्याच फोनमध्ये 'फॉल-पिकोवाल्या काकू' म्हणून आहे. उलट फोन आला आणि पुरुषाचा आवाज ऐकला की "साडी तयार आहे" म्हणायचं. एकदा एका नवऱ्याने थंडपणे विचारलं, "पिकोचे किती घेता?" त्या दिवसापासून मी इंदुरातले फॉल-पिकोचे भाव पाठ ठेवते.

माझ्या रागाचा दुसरा विषय म्हणजे 'मारपीट' हा शब्द.

आपल्याकडे बाई बोलते मराठीत आणि कागद होतो हिंदीत. या दोन्हींच्या मधे अर्धी हकीकत गळून पडते. मागच्या वर्षी एका मुलीने लिहून आणलं, "पति द्वारा आए दिन मारपीट की जाती है।" एवढंच. मी त्या बाईला पुन्हा बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, शेवटचं कधी झालं ते पहिल्यापासून सांगा. तिने सांगितलं, "त्यांनी जरा गळ्याला हात लावला." जरा म्हणजे किती? तर डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि भानावर आली तेव्हा कपडे ओले झाले होते. दोन दिवस घास गिळवत नव्हता. हे सगळं त्या 'मारपीट'मध्ये गडप झालं होतं.

गळा दाबणं ही थपडेची मोठी बहीण नव्हे. ज्या नवऱ्याने एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. मानेवर वळ नसला तरी आत सूज असू शकते. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आलेत का, हे नावानिशी विचारा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन मेडिको-लीगल नोंद (पोलीस-कोर्टात कामी येणारी डॉक्टरची नोंद) करून घ्या. मी स्वतः आधी मराठीत, तिच्याच शब्दांत, तिने म्हटलं तसं लिहिते. हिंदी मग शेजारी बसून करते. वेळ लागतो. ज्यांना वीस मिनिटांत फॉर्म भरून मोकळं व्हायचंय, त्यांनी बँकेत नोकरी बघावी.

आता काही चुका भराभर सांगते, कारण त्यांच्यावर जास्त बोलले तर माझं रक्त तापतं.

"पुण्याला दिलेली मुलगी आहे, केस पुण्यालाच होईल." नाही. माहेरी येऊन राहिली असली, तात्पुरती का होईना, तरी 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालचा अर्ज इथल्या मॅजिस्ट्रेटकडे देता येतो. क्रूरतेच्या फौजदारी तक्रारीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच सांगितलंय.

"घर सासूबाईंच्या नावावर आहे." असू दे. त्याच घरात नांदली असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, हे 2020 च्या निकालाने स्पष्ट झालंय. मालकी मिळेल असं मात्र तिला सांगू नका.

1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला 498-अ (नवऱ्याच्या, सासरच्यांच्या क्रूरतेचं जुन्या दंड संहितेतलं कलम) लिहू नका. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85. त्याआधीच्या घटनांना जुनंच.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबवू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही.

घरगुती हिंसाचार कायद्यात पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. ते वाचून तिला तारखा कबूल करू नका. कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही अजून पुरेशा चढलेल्या नाहीत.

नावाचं मात्र दोन ओळींत भागणार नाही. आपल्यात लग्नात तांदळात नाव लिहून बदलायची हौस. मग आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) तिसरंच स्पेलिंग. अर्जात पहिल्या पानावर 'उर्फ' घालून सगळी नावं टाका, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल की ही बाई नक्की कोण.

स्त्रीधनाची यादी आठवणीतून करू नका. लग्नाचा अल्बम मागवा. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, सगळं फोटोत अंगावर दिसतं, आणि कुणी घातलं तेही. अल्बम सासरी अडकला असेल तर मावशीकडे, आत्याकडे फोटो असतातच. कागदपत्रांचंही तसंच : मूळ कागद आधी हलवू नका, फोटो काढून विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. रिकामी फाईल त्याला लगेच दिसते.

आणि ती घाई. "ताई, तिला आजच बाहेर काढू या ना." का? कारण आज तुला वाईट वाटलं म्हणून? बाई घर सोडते तेव्हाचे दिवस तिच्यासाठी सगळ्यांत धोक्याचे असतात, याचा विचार तुझ्या आधी तिने केलेला असतो. त्याला पगार कधी होतो, तो कधी पितो, कुठल्या रात्री दार लावून बसावं लागतं, हा सगळा हिशोब तिच्याकडे आहे. घरगुती हिंसाचार कायद्याच्या नियमांमध्ये सुरक्षा योजनेचा नमुनाच आहे, फॉर्म 5. तो फॉर्म नव्या मुली कोरा जोडतात. मी त्यावर एक अख्खी दुपार घालवते : कुठल्या दाराने, कुणाच्या गाडीने, मुलांना शाळेतून कोण आणणार, पोचल्यावर रात्री झोपायचं कुठे. वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, साधारण 5 दिवस राहता येतं. सहाव्या दिवसाचं आधी ठरवा, मग बॅग भरा.

दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बोलावून 'बैठक' घ्यायची कल्पना कुणी काढली तर स्पष्ट नाही म्हणा. सगळ्यांसमोर ती खरं बोलली, तर त्याची किंमत घरी गेल्यावर तीच मोजते.

यातल्या कितीतरी जणी परत जातात. नव्या मुली तोंड पाडून बसतात, "इतकं केलं आणि गेली." मी फाईल बंद करत नाही, तारीख टाकून ठेवून देते. माझ्या मोबाईलची कंपनी दोनदा बदलली, नंबर तोच ठेवलाय. कुणाच्या तरी फोनमध्ये मी अजून फॉल-पिकोवाल्या काकू आहे, आणि त्या नंबरवर दुसऱ्याच कुणी "राँग नंबर" म्हणायला नको.