कॅसेटवाल्या कार रेडिओवर मोबाइलची गाणी

गाडीच्या मूळ रेडिओला ऑक्सची (मोबाइलची वायर लावायची) जागा नाही, पण कॅसेट प्लेअर चालू आहे? मग रेडिओ बदलू नका, कॅसेट अडॅप्टर (कॅसेटच्याच आकाराचा, मोबाइलला लावायची वायर असलेला) घ्या. मोबाइलची गाणी एफएमवरून रेडिओला पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरपेक्षा हे बरं. नाशिकहून कसारा उतरताना रिकामी फ्रिक्वेन्सी शोधत बसावं लागत नाही.

१. अडॅप्टर कॅसेटसारखा आत सरकवा.
२. त्याची ३.५ मिमीची पिन मोबाइलला लावा. मोबाइलला जॅक नसेल तर मध्ये छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडा. तो घरूनच चार्ज करून न्या. लायटर सॉकेटवर लावला की बऱ्याचदा इंजिनाबरोबर सूं-सूं ऐकू येते.
३. मोबाइलचा आवाज पाऊण ठेवा, बाकी कमी-जास्त रेडिओवरून.

प्लेअर खटखट करत सारखी बाजू बदलत असेल तर अडॅप्टर उलटा घालून बघा. गाडी लावताना मात्र तो बाहेर काढा, नाहीतर आतला रबरी रोलर दबून खराब होतो.