कोकणातलं जुनं घर घेताय? आधी त्याची तपासणी अशी करून घ्या

जुनं कौलारू घर बघायला लोक मे महिन्यात येतात. सुट्टी असते, आंबे असतात, खळं सारवलेलं असतं, ओटीवर बसलं की वारा लागतो. नेमकं तेव्हाच घर आपल्याला फसवतं. भिंती कोरड्या ठणठणीत, छपरातून थेंब नाही, खांबांना नुकताच ऑइलपेंट. तेच घर जुलैत बघा, मग बोलू.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. मातीच्या किंवा चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती आणि लाकडी छप्पर असलेली घरं या पावसात पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण पाणी बाहेर ठेवायची आणि आत आलेली ओल सुकू द्यायची सोय त्यांच्या बांधणीतच होती. म्हणून तपासणी करताना एकच धागा धरून ठेवायचा: पाणी येतं कुठून, मुरतं कुठे, जातं कुठे.

आधी माणूस शोधा

‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द मुंबईकरांना पाठ आहे, कारण तिथे तीस वर्षांवरच्या इमारतींना ते करावंच लागतं. पण ते ऑडिट करणाऱ्यांचा हात बसलेला असतो आरसीसीवर, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटवर. आम्ही घर बघत होतो तेव्हा पहिल्यांदा आलेले इंजिनिअर रीबाउंड हॅमर घेऊन आले होते. हे यंत्र काँक्रीटसाठीचं. मातीच्या भिंतीवर ते टेकवून काय आकडा येणार आणि त्याचा अर्थ काय लावणार? त्यांनी तो आकडा अहवालात छापलासुद्धा, आणि त्याचे पैसे आम्ही दिले.

तेव्हा फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या. मातीची किंवा जांभ्याची किती घरं तपासलीत? छपरावर स्वतः चढणार का, की खालून बघणार? लाकूड टोचून बघणार का? उत्तरं देताना समोरचा अडखळला तर दुसरा शोधा. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे आर्किटेक्ट असतात. ‘इंटॅक’ या संस्थेच्या स्थानिक शाखांकडे चौकशी केली तर अशी नावं मिळू शकतात. त्यांच्याबरोबर गावातला एखादा जुना सुतार आणि कौलं काढता-घालता येणारा गडी घ्या. इंजिनिअर हिशेब मांडेल, पण कुठल्या घराला कुठे गळती लागते हे मेस्त्रीला न बघता माहीत असतं.

मालकाची परवानगी लेखी घ्या

तपासणीत पाच-दहा कौलं उचलावी लागतात, एखाद्या कोपऱ्यातला गिलावा खरवडावा लागतो, माळ्यावरची अडगळ हलवावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर ऐनवेळी मालकांचे काका येतात आणि काम थांबतं. कोकणात घराला सहहिस्सेदार डझनभर असू शकतात, तेव्हा परवानगी देणाऱ्याला ती द्यायचा अधिकार आहे का तेही बघा. विसार देणार असाल तर विसारपावतीत स्पष्ट लिहून घ्या: तपासणीचा अहवाल समाधानकारक नसेल तर विसार परत. हे वाक्य टाकायला विकणारा तयार नसेल तर घाई का आहे, ते विचारा.

कागदपत्रांबद्दल इथे थोडक्यातच. घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणि सातबारा काय म्हणतात, मोजणी झाली आहे का, हे वकिलाकडून आधी तपासा. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात साधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. इथेच गाडी अडली तर तपासणीवर पैसे घालवू नका.

तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा

बरोबर न्यायचं सामान साधं आहे: चांगली बॅटरी, टेप, ओळंबा, एक दाभण, एक लहान हातोडी, पाणी भरलेला पारदर्शक पाइप आणि खिशात एक गोटी. गोटी जमिनीवर सोडायची. ती कुठल्या कोपऱ्याकडे धावते त्यावरून जमीन कुठे खचलीय याचा अंदाज येतो. मग पाइप लावून ते मोजून घ्यायचं.

घरात शिरायच्या आधी बाहेरून दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत घराकडे पाठ करून बघा. मागे डोंगर आहे का? उतारावर जमिनीला नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं किंवा अचानक फुटलेले झरे दिसतात का? तळीये (22 जुलै 2021) आणि इरशाळवाडी (19 जुलै 2023) इथे दरड कोसळून काय झालं ते आपण पाहिलंय. घर कितीही भक्कम असलं तरी उतारच सरकला तर उपयोग नाही, आणि त्याचा अभिप्राय भूगर्भतज्ज्ञच देऊ शकतो. नदीकाठी असाल तर शेजाऱ्यांना पुराची खूण विचारा. चिपळूणकडची माणसं 2021चं पाणी भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

दुसऱ्या फेरीत घराकडे तोंड करा. पागोळ्या पडतात कुठे? त्या जोत्याच्या बाहेर पडून पाणी वाहून जायला हवं. भिंतीच्या तळाशी लाल शिंतोड्यांचा पट्टा असेल तर त्याची उंची मोजा. तेवढ्या उंचीपर्यंत दर पावसाळ्यात भिंत भिजते. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त वेळ घेऊन बघा, कारण झड तिकडून येते. पूर्वी त्या बाजूला झावळ्यांची झापं बांधायचे. घर दहा वर्षं बंद असेल तर ती कोणी बांधलेली नसणार. चिऱ्यांच्या सांध्यांत पिंपळाचं रोप दिसलं तर ते वरवर खुडून भागत नाही. त्याचं मूळ कुठवर गेलंय ते अहवालात यायला हवं.

भिंती

सगळ्या तडांना घाबरायचं नसतं. गिलाव्यावरच्या केसासारख्या चिरा सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर जाताना रुंद होणारी तड बहुधा पाया खचल्याची असते. भिंतीच्या वरच्या भागात, छपराच्या अगदी खाली आडवी तड असेल तर छप्पर भिंतीला बाहेर ढकलत असण्याची शक्यता मोठी. दोन भिंती जिथे मिळतात तिथे उभी फट असेल तर अनेकदा त्यातली एक नंतर बांधून नुसती टेकवलेली असते. मालक म्हणतील, “ही तड माझ्या लहानपणापासून आहे.” असेलही. तडेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर भिंत अजून हलतेय.

ओळंबा सोडून भिंत किती झुकलीय ते मोजा. मधेच पोट सुटलेलं दिसलं तर हाताने ठोकून आवाज ऐका. देशावरचा दगडमातीचा वाडा घेणाऱ्यांनी तर इथे जास्त वेळ द्यावा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंतींची घरंच माणसांवर कोसळली. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे, मधे माती-दगडांची भर आणि दोन्हींना बांधणारे आरपार दगड बहुतेक नाहीतच. वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. भिंत दोन फूट जाड आहे म्हणजे भक्कम आहे, हा समज तिथे फार महागात पडला. माळवद असेल तर मातीचा थर किती जाड आहे ते मोजा. गळतं म्हणून त्यावर वर्षानुवर्षं माती वाढवत नेलेली असते.

आता ज्या एका गोष्टीने मी सगळ्यात जास्त घरं बिघडलेली पाहिली ती: सिमेंट. मातीच्या भिंतीला मूळचा गिलावा माती-शेणाचा किंवा चुन्याचा. जमिनीतून चढलेली ओल त्यातून सुकून जायची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी ‘पक्कं’ करायला सिमेंटचा गिलावा मारतं, सारवलेली जमीन काढून खाली काँक्रीट ओतून वर लाद्या बसवतं. ओलीला वर यायला वाटच उरत नाही, ती भिंतींत चढते. बाहेरून गुळगुळीत आणि आत तळाशी चिखल. अशा भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत जा. जिथे बद्द पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलाय. लोणा फुटून पांढरी भुकटी पडत असेल, तर ती कुठल्या उंचीपर्यंत आहे ते बघा, ओल तिथवर पोचतेय. अशा ठिकाणी वीतभर गिलावा काढून आतली माती हातात घेऊनच बघायला हवी. परवानगी लागते ती यासाठी.

छप्पर आणि लाकूड

मंगलोरी कौल एक सव्वादोन-अडीच किलोचं. 100 चौरस फुटांना साधारण 150 कौलं लागतात. म्हणजे 1,500 चौरस फुटांच्या छपरावर पाच टनांच्या वर वजन नुसतं कौलांचं, आणि ते सगळं रिपा, वासे, आढं, तुळया यांच्यावर. (जुनी कौलं उलटी करून बघा, कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं किनाऱ्यावर पसरली. छाप बघून कौलांच्या वयाचा अंदाज बांधता येतो, घराच्या वयाचा नाही.)

खळ्यात लांब उभं राहून आढ्याची रेघ बघा. मधे झोळ असेल तर तो किती जुना आहे याचा शोध घ्यायचा. मग माळ्यावर चढा. दिवसा, दारं लावून, बॅटरी बंद करून थोडा वेळ थांबा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथून पाणी येतं. वाशांवरचे काळे ओघळ आणि डाग मेमध्येही लपत नाहीत.

लाकडात पहिल्यांदा बघायची जागा म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. मधला भाग हवेवर सुकतो, टोक ओल्या भिंतीत कोंडलेलं असतं. आमच्या घरातल्या माजघराच्या तुळईवर तपकिरी ऑइलपेंट होता आणि ती बघून मी खूश झालो होतो. मेस्त्रीने हातोडीच्या दांड्याने ती एका टोकापासून ठोकत आणली: टण्, टण्, टण्, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर एकदम बद्द. त्याने दाभण लावलं, ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला ओला भुसा. “वरसून बरो दिसता, भुतूर पोकळ आसा,” एवढंच म्हणून तो पुढच्या तुळईकडे वळला.

वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढतात, त्या शोधा. एखादी मोडून आत किडे जिवंत आहेत का बघा. बारीक गोल भोकं आणि खाली ताजी पिवळसर भुकटी पडलेली असेल तर भुंगा अजून काम करतोय. साग, ऐन, किंजळ, फणस ही लाकडं चिवट. आंब्याचं लाकूड वापरलं असेल तर त्याच्याकडे आधी जा. लाकडाला लांबीच्या दिशेने पडलेल्या सरळ भेगा बहुतेक वेळा वाळताना पडलेल्या असतात, त्यांचा बाऊ नको. आणि चुलीवरचे धुराने काळेकुट्ट झालेले वासे बघून नाक मुरडू नका. अनेकदा घरातलं सगळ्यात निरोगी लाकूड तेच असतं.

कौलं काढून पत्रे घातले असतील तर ते कसे अडकवलेत ते बघा. कौलांना वजन असतं, पत्र्याला नसतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूने आलं तेव्हा पत्रे कुठल्या कुठे गेले होते.

नंतर जोडलेलं

संडास-बाथरूमची नवी खोली जुन्या भिंतीला चिकटून आहे का? असली तर त्या भिंतीवर आतल्या बाजूने हात फिरवा. नळाची गळती बारा महिने चालते, पाऊस निदान चारच महिने. मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेला दिसला तर तो कशावर टेकलाय याचं उत्तर इंजिनिअरकडून लेखी घ्या. वायरिंग जुनं असेल तर सगळं बदलायचं धरूनच चाला.

अहवालात काय हवं

‘इमारत जुनी असून दुरुस्तीची गरज आहे’ असलं वाक्य तुम्हालाही लिहिता आलं असतं. अहवालात घराचा नकाशा हवा, त्यावर प्रत्येक दोषाला नंबर, त्याचा फोटो, कारण आणि उपाय. कामं तीन भागांत पाडून मागा: लगेच आधार द्यावा लागेल अशी, येत्या पावसाच्या आत करायची, आणि दोन-चार वर्षं थांबली तरी चालतील अशी. प्रत्येकाचा अंदाजे खर्च. आणि जिथे बघताच आलं नाही त्या जागांची यादी: कुलूप लावलेली वळई (बाजूची खोली), लाद्यांखालचा पाया. ही यादी नसेल तर मागून घ्या, पुढचे अनपेक्षित खर्च बहुतेक तिथूनच निघतात.

तुळई सडली, वासे बदलायचे, कौलं उतरवून घालायची, गिलावा चुन्याचा करायचा: ही सगळी होणारी कामं आहेत, त्यांचा आकडा किमतीतून वजा करून बोला. पाया अजून खचतोय, उतार सरकतोय किंवा मुख्य भिंतींचे पापुद्रे सुटलेत, तर मात्र घर कितीही आवडलं असलं तरी सोडून द्यायला मन तयार ठेवा.

तपासणी उन्हाळ्यातच करावी लागली, तर फी ठरवतानाच पावसाळ्यातली एक फेरी धरून घ्या आणि ती कामाच्या पत्रात लिहा. आषाढात सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की तिसऱ्या दिवशी जायचं. फेरी तासाभराची पुरते: माळा, पश्चिमेची भिंत, न्हाणीचा कोपरा, जोत्याभोवतीचं पाणी. छत्री घेऊन जा, आतही लागू शकते.