गोल्डनआय ००७ चा स्पीडरन: निन्टेन्डो ६४, स्विच आणि एक्सबॉक्स

स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात पार करणं. जेम्स बाँडच्या या नेमबाजीच्या गेममध्ये सराव 'डॅम' या पहिल्या टप्प्यापासून सुरू करा, तोही एजंट या सर्वात सोप्या पातळीवर. इथे काम एकच: धरणाच्या टोकापर्यंत पोचून उडी मारायची. सिक्रेट एजंट या पुढच्या पातळीवर अलार्म फोडावे लागतात, त्यामुळे वाटच बदलते. एजंटवर फक्त तुमचं पळणं तपासलं जातं.

नुसतं सरळ पळणं हळू पडतं. 'पुढे' आणि 'बाजूला' एकत्र दाबले की दोन्ही वेगांची बेरीज होऊन बाँड तिरका आणि जास्त वेगाने सरकतो. म्हणून नजर वाटेपासून थोडी वळवून ठेवायची, म्हणजे तो तिरका वेग नेमका वाटेवर येतो. नवखे लोक प्रत्येक वळणावर बाजूचं बटण सोडतात आणि वेळ तिथेच जातो. बटण धरूनच नजर हळूहळू फिरवा. भिंतीला घासलात तरी वेग मरतो.

१९९७ साली हा गेम ज्या निन्टेन्डो ६४ कन्सोलवर आला, त्यावर १.१ हनी या बटणांच्या मांडणीत कंट्रोलरच्या काठीने पुढे जायचं आणि वळायचं असतं, १.२ सॉलिटेअरमध्ये चालणं पूर्णपणे सी बटणांवर (कंट्रोलरवरच्या चार पिवळ्या दिशा-बटणांवर) असतं. काठी झिजलेली असेल तर १.२ घ्या, कारण हनीमध्ये झिजलेली काठी पूर्ण पुढे जातच नाही. कन्सोल चालू करताना काठीला हात लावू नका. काठीचा मध्य सरकला असेल तर एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबा.

पळताना जमिनीकडे बघा. पडद्यावर चित्र कमी उभं करावं लागलं की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) वाढतात, लॅग म्हणजे गेमचं अडखळणं घटतं. मोकळ्या जागेत याचा फायदा मोठा आहे. विनाकारण स्फोट करू नका, धुरामुळे लॅग वाढतो. पाठीमागून लागलेली गोळी बाँडला पुढे ढकलते, समोरून लागलेली मागे. म्हणून काही शिपाई मुद्दाम जिवंत सोडावेत.

युरोपच्या पाल टीव्ही पद्धतीची आवृत्ती ५० हर्ट्झवर चालते, अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीची ६० वर. गेमचं पाल काडतूस (कॅसेट) अमेरिकन कन्सोलवर चालत नाही. अमेरिकेतून आणलेला कन्सोल भारतात वापरायचा तर २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर किंवा निन्टेन्डो ६४ चा २३० व्होल्टवर चालणारा पॉवर सप्लाय लागतो. नाहीतर त्याचा अमेरिकन पॉवर सप्लाय जळेल. टीव्ही जुना, नळीचा असेल तर उत्तम. सपाट टीव्हीवर गेम मोड लावा.

जानेवारी २०२३ मध्ये हा गेम स्विच आणि एक्सबॉक्सवर आला. स्विचवर सी बटणं उजव्या काठीवर येतात, त्यामुळे १.२ मध्ये चालणं उजवीकडे आणि बघणं डावीकडे जातं. कन्सोलच्या सेटिंगमधून काठ्यांची अदलाबदल करा. एक्सबॉक्सवर दोन काठ्यांची आधुनिक मांडणी तयारच मिळते. पण या दोन्हींवर लॅग मूळ यंत्रासारखा नाही, म्हणून खाली बघण्याचा फायदा गृहीत धरू नका: वाटेचा एकच भाग पाच वेळा खाली बघून, पाच वेळा समोर बघून पळा आणि व्हिडिओवरून वेळ मोजा.

गेम वेळ पूर्ण सेकंदांतच दाखवतो. अर्धा सेकंद वाचवूनही आकडा तोच राहू शकतो. डॅम एजंटचा विक्रम ०:५३ वरून ०:५२ वर यायला १५ वर्षं लागली, २०१७ साली. म्हणून वहीत शेवटचा आकडा पुरेसा नाही. बोगदा, फाटक आणि उडी अशा तीन ठिकाणांच्या वेळा व्हिडिओतून काढा आणि प्रत्येकीपुढे यंत्र, आवृत्ती व मांडणी लिहा.